पीपीटी कोण करणार?

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टचा गट ठरला की पहिल्या पाच मिनिटांत कामं वाटून मोकळं व्हायचं, ही जुनी रीत. कोडिंगमध्ये जो तरबेज तो कोड लिहिणार, ज्याचं इंग्रजी बरं तो रिपोर्ट, आणि गटात मुलगी असली तर पीपीटी तिच्या गळ्यात. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचा बारावा दिवस उजाडला तरी कुणी कुणाचं काम पाहिलेलं नसतं. मग एका रात्री सगळे तुकडे एकत्र येतात. पडद्यावर मर्ज कॉन्फ्लिक्टच्या बाणांच्या रांगा उमटतात, ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं’ हे तीन तोंडांतून निघतं आणि पहाटे चारच्या सुमारास गटातला हुशार गडी बाकीच्यांचे बदल पुसून आपलीच फाइल ठेवतो. सकाळी डेमो चालतो. ब्लॅक बुकात ‘या प्रकल्पातून आम्ही टीमवर्क शिकलो’ असं वाक्य छापून येतं.

यावरून निघणारा पूर्वपक्ष कँटीनमध्ये ऐकू येतो तसा स्टाफरूममध्येही: गटकाम हे थोतांड आहे. एक राबतो, बाकीचे आयते गुण घेतात; त्यापेक्षा ज्याचं त्याला करू द्यावं.

पूर्वपक्षाची बाजू लंगडी नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती-अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोराला हात वाढत गेले तसा माणशी जोर कमी होत गेला, असं त्याला दिसलं. पुढे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० चा अनुभव पाठीशी घेऊन १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ लिहिलं. रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं, हा त्यातला सगळ्यात गाजलेला मुद्दा. हिशेबही साधा आहे. चौघांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या सहा होतात, सहा जणांत पंधरा.

इथवर ठीक. पण ब्रुक्सचं नाव घेऊन एकांडा शिलेदार पुढे करणाऱ्यांनी त्याच पुस्तकातलं शस्त्रक्रियेच्या चमूचं प्रकरण वाचलेलं दिसत नाही. हार्लन मिल्स यांची ही कल्पना ब्रुक्स यांनी उचलून धरली. त्यात एक मुख्य प्रोग्रामर आहे खरा, पण त्याच्यासोबत टेस्टर आहे, हत्यारं सांभाळणारा आहे, कागदपत्रं बघणारा आहे, आणि मुख्य म्हणजे संपूर्ण कोड ठाऊक असलेला जोडीदारही आहे. सर्जन आडवा पडला तर सुरी हातात घेणारा तो. आपल्या गटातल्या हुशार गड्याला असा जोडीदार नसतो. डेमोच्या दिवशी त्याला ताप चढला की सगळाच कारभार आटोपला.

आळसाच्या आरोपाचंही तेच. रिंगेलमानने घटीचा मुख्य दोष ताळमेळ न जमण्याला दिला होता. अंग चोरणंही असतंच, पण १९८१ मध्ये विल्यम्स, हार्किन्स आणि लाताने यांनी ओरडण्याचे प्रयोग केले, तेव्हा वेगळंच पुढे आलं. गटात असूनही आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं वाटलं, की माणसं अंग चोरेनात. सहापैकी चौघं ढिम्म बसली असतील, तर त्यांच्या वाट्याला कुणाला दिसेल असं काम दिलं होतं का, हे आधी विचारायला हवं. पहाटे त्यांचा कोड पुसणाऱ्याला तर नक्कीच विचारायला हवं.

नियम करून माणसं जमवता येतात, काम वाटता येत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांच्या चमूत किमान एक मुलगी असावीच लागते. अट चांगली आहे. पण ती मुलगी की-बोर्डवर बसेल की स्लाइड्सचे रंग जुळवत राहील, हे चमूच ठरवतो.

मग करायचं काय? पहिल्या दोन दिवसांत लॉगिनचं नुसतं पान का होईना, सगळ्यांचा कोड एकदा एकत्र चालवून पाहायचा आणि पुढे रोज जोडत राहायचं. कॉन्फ्लिक्ट येतील, पण चार ओळींचे येतील. दुसऱ्याने वाचल्याशिवाय कुणाचाच कोड मुख्य शाखेत जाऊ द्यायचा नाही. मागे वळून पाहण्याची बैठकही टाळायची नाही. २०२० च्या स्क्रम गाइडने महिन्याभराच्या स्प्रिंटला तिच्यासाठी जास्तीत जास्त तीन तास दिले आहेत. पंधरवड्याच्या स्प्रिंटला तास-दीड तास पुरे. त्या वेळी गिटची नोंद समोर उघडी असावी, म्हणजे बोलणं ‘तू काहीच केलं नाहीस’वरून ‘तुझी ब्रांच नऊ दिवस का अडली’वर येतं. मात्र कमिट मोजून गुण देण्याच्या फंदात कुणी पडू नये. एकेका स्वल्पविरामासाठी एकेक कमिट करणारी पोरं दुसऱ्याच दिवशी तयार होतील.

राहिले मास्तर. व्हायवात प्रत्येकाला त्याच्याच मॉड्यूलबद्दल विचारण्याची पद्धत या सगळ्याच्या मुळाशी आहे. यंदा एक करून पाहा: डेटाबेस लिहिणाऱ्याला पडद्यांचा कोड उघडायला लावा, पीपीटी करणारीला डेटाबेसचा, आणि गुण त्यावर द्या.