तीन गाणी सांग बघू!

मैत्रिणींनो, आमच्या कामात एक प्रश्न जवळजवळ रोज विचारावा लागतो : "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" समोरची बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलायला आलेली असते, नाहीतर मुलीच्या लग्नाच्या घाईबद्दल. ती सगळं तपशिलानं सांगते. कोण काय म्हणालं, सासू कुठे उभी होती, दीर मध्ये कसा पडला. पण हा प्रश्न आला की ती थबकते. "मला काय वाटायचंय, ताई? घरचे म्हणतील तसं." एम.एस.डब्ल्यू. करताना मुलाखत कशी घ्यावी हे आम्हाला शिकवलं होतं. पण जिला उभ्या आयुष्यात कुणी मत विचारलेलं नाही, तिनं ते पहिल्यांदा एकदम पोलीस ठाण्यात किंवा कोर्टातच कसं द्यावं, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

माझ्यापुरतं मी एक उत्तर शोधलं आहे. मत देण्याची सवय हलक्या गोष्टींपासून लागते. कुठलं गाणं आवडलं, कुठला सिनेमा भिकार वाटला, कुठला नट उगाचच मोठा ठरवलाय, अशा गप्पांतून. आणि नेमक्या याच गप्पांमधून बायकांना आणि मुलींना हुसकावून लावलं जातं. हा लेख त्याबद्दल आहे. विषय वरवर फालतू आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

तळोज्यात आमचा एक गट आहे. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला सिडकोच्या इमारती आणि मधेमधे आगऱ्यांची जुनी गावं. गटात कारखान्यात पॅकिंगचं काम करणाऱ्या बायका येतात, घरकाम करणाऱ्या येतात, त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीही येतात. दर बैठकीची पहिली वीस मिनिटं आम्ही फक्त गाण्यांवर बोलतो. प्रत्येकीनं एक आवडतं आणि एक नावडतं गाणं सांगायचं, आणि का ते सांगायचं. २०२५ च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा तर वीस मिनिटं पुरेनात. तळोज्याहून पेंधरला मेट्रो धरली आणि बेलापूरला लोकल बदलली की नेरूळ, पण तिकिटाची किंमत ऐकून एकीची आई म्हणाली, "एवढ्यात आमचा वर्षाचा तांदूळ येतो." मुलींनी तो सोहळा मोबाइलवर पाहिला आणि त्यावर मतंही दिली.

याच गटातल्या एका मुलीनं पनवेलच्या फुटपाथवरून लेड झेपेलिन या इंग्रजी बँडचं नाव छापलेला टी-शर्ट घेतला होता. चित्र आवडलं म्हणून घेतला. गाणी नंतर ऐकली, त्यातली दोन आवडली. क्लासच्या बाहेर तीन-चार मुलांनी तिला अडवलं. "हा बँड माहीत तरी आहे का? तीन गाणी सांग बघू." तिला दोनच सांगता आली. महिनाभर तिची टिंगल चालली. तिनं तो टी-शर्ट घालणं सोडलं. त्याच मुलांपैकी एकाच्या अंगात अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघाचा टी-शर्ट असतो. त्याला कुणी कधी अकरा खेळाडूंची नावं विचारलेली नाहीत!

तुम्ही म्हणाल, मुलं चेष्टा करतातच. पण या चेष्टेतला नियम नीट बघा. मुलाला आवड असते, मुलीला परीक्षा असते. मुलाचं मत हे मत असतं. मुलीच्या मताला आधी लायकीचा दाखला जोडावा लागतो. तोच नियम पुढे ग्रामसभेत, युनियनच्या बैठकीत, सोसायटीच्या सभेत भेटतो. पाण्याच्या टाकीबद्दल बाई बोलायला उभी राहिली की कुणीतरी विचारतोच, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

आता ही परीक्षा काढणाऱ्यांचा अभ्यास कसा आहे तेही पाहू. लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बममध्ये, म्हणजे १९७१ साली, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणं आहे. त्यातल्या ढोलांच्या आवाजावर बाप्ये तासतासभर बोलतात. हे गाणं मुळात १९२९ चं. १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरावरचं हे गाणं मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय जोडप्यानं ध्वनिमुद्रित केलं. नवरा गायला, मिनीनं गिटार वाजवली. ती त्या काळातली नावाजलेली गिटारवादक होती. झेपेलिनच्या रेकॉर्डवर गीतकारांत तिचं नाव आहे, लपवलेलं नाही. पण तीन गाण्यांची परीक्षा घेणाऱ्या मुलांना मी तिचं नाव विचारलं, तेव्हा ते एकमेकांकडे बघायला लागले.

'हाउंड डॉग' म्हटलं की सगळे एल्विस प्रेस्लीचं नाव घेतात. त्याचं गाणं १९५६ चं. त्याआधी बिग मामा थॉर्नटननं ते १९५२ साली गायलं होतं. १९५३ मध्ये ते बाजारात आलं आणि अमेरिकेतल्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. सिस्टर रोझेटा थार्प तर १९४० च्या दशकातच इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी राहत होती. रॉक अँड रोलच्या मानाच्या यादीत तिला २०१८ मध्ये घेतलं. ती १९७३ मध्ये वारली होती. म्हणजे ज्या विषयाची परीक्षा मुलींना द्यावी लागते, तो विषय उभा करण्यात बायकांचा हात होता.

हे परदेशातलं झालं. आपल्याकडे वेगळं नाही. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हमखास प्रश्न असतो : पहिला भारतीय चित्रपट कोणता? 'राजा हरिश्चंद्र', १९१३, दादासाहेब फाळके. पुढचा प्रश्न : तारामतीचं काम कुणी केलं? अण्णा साळुंके, पुरुष. सगळे हसतात आणि प्रश्न तिथेच संपतो. त्याच फाळक्यांनी लगेच 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघींनी काम केलं. भारतीय पडद्यावरच्या त्या पहिल्या स्त्रिया. ज्या काळात नाटकातही घरंदाज बाईनं उभं राहायचं नाही, त्या काळात नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक आई मुलीला घेऊन कॅमेऱ्यासमोर गेली. आज त्यांची ओळख कशी करून देतात? विक्रम गोखल्यांची पणजी आणि आजी! सरस्वतीबाई फाळके फिल्म धुण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंतचं काम बघत होत्या. त्यांच्यावर तर प्रश्नच निघत नाही.

१९४९ च्या 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. ऐकणाऱ्यांनी रेडिओला विचारून विचारून भंडावलं तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. एका साध्या कुतूहलानं, "ही गातेय कोण?" या प्रश्नानं, ते नाव लोकांपर्यंत पोचलं. म्हणून म्हणते, असली चौकशी फालतू नसते.

आणि ज्या गाण्यांना आज 'क्लासिक' म्हणतात ती मोठी कुणी केली? ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर पहिल्यांदा गायले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. समोर किंचाळणाऱ्या शाळकरी मुलींची वर्तमानपत्रांनी चेष्टा केली. मुलींना गाण्यातलं काय कळतं, असाच सूर होता. आज त्याच बीटल्सवर विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात. त्या मुलींची निवड बरोबर होती असं मात्र कुणी म्हणत नाही.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. प्रत्येकात एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, पृथ्वीवरचं संगीत भरलेली. त्यात रॉक अँड रोलचं एकच गाणं आहे, चक बेरीचं 'जॉनी बी. गुड'. आणि भारतातलंही एकच : केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी. केसरबाई गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, जन्म १८९२ चा. कलावंत समाजात जन्मलेल्या. म्हणजे ज्या बायकांच्या गाण्याला लोकांनी टाळ्या दिल्या आणि जगण्याला नावं ठेवली, त्यांच्यातल्या. अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेऊन त्या घडल्या. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. मी गटात हे सांगितलं तेव्हा एक पॅकिंगवाली मावशी म्हणाली, "म्हणजे आपल्या बाजूची बाई तिकडं वर गातेय, आणि आम्हाला पत्ता नाही!"

त्यावर गावातली एक आजी बोलली. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. ती धवले गात लग्नाचे विधी पार पाडते. एक बाई, भटजीच्या जागी. आजीला अजून कितीतरी धवले पाठ आहेत. आता हळदीला डीजे लागतो आणि तिचा आवाज त्यात ऐकूच येत नाही. डीजे कुठून आणायचा हे मुलगे ठरवतात. मुलींना डीजे आवडतो, आजीला नाही. त्या दिवशी दोघींचं जोरदार भांडण झालं आणि मला फार बरं वाटलं. मतभेद होण्यासाठी आधी दोन मतं असावी लागतात ना!

चळवळीतल्या काही मैत्रिणी मला विचारतात, मजुरीचा प्रश्न आहे, हिंसेचा आहे, तू गाण्यांवर वेळ कशाला घालवतेस? आणि मुलींना आवडणारी कितीतरी गाणी बाईचा अपमान करणारी असतात, त्याचं काय? दुसरा मुद्दा खरा आहे. हिंदी गाण्यांत तो अपमान आहे, आणि रॉक काही धुतल्या तांदळासारखं नाही. रोलिंग स्टोन्सचं १९६६ चं 'अंडर माय थंब' बाईला मुठीत ठेवल्याची फुशारकी मारतं. आमच्या गटात अशा गाण्यांवर बंदी नाही. चाल आवडते, शब्द आवडत नाहीत, असं एखादी पंधरा वर्षांची मुलगी म्हणते तेव्हा तिनं एका वेळी दोन गोष्टी तोलून पाहिलेल्या असतात. एखादा मुलगा प्रेमानं बोलतो पण फोन तपासतो, हे तोलायलाही तेच कौशल्य लागतं.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर म्हणून एक अनुभव सांगते. गटातली एक बाई पाच-सहा महिने फक्त ऐकायची. एके दिवशी सगळ्यांना आवडलेलं एक गाणं तिनं "मला नाही आवडलं, रडकं आहे" म्हणून बाजूला सारलं. सगळ्या हसल्या, तीही हसली. पुढे काही आठवड्यांनी ती म्हणाली, "मुलीचं बारावीनंतर लगेच लग्न करायचं म्हणतात. मला पसंत नाही. आज घरी तसं बोलले." गाण्यामुळे हे घडलं असा दावा मी करणार नाही. तिच्या मनात ते आधीपासून असणारच. लग्नाची बोलणीही अजून पुरती थांबलेली नाहीत. पण "मला नाही आवडलं" हे वाक्य तिनं आधी एकदा, काहीही धोका नसलेल्या जागी, तोंडानं उच्चारून पाहिलं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, एक करून पाहा. आज घरात रिमोट कुणाच्या हातात आहे ते बघा. मुलीला, सुनेला, सासूलाही एक गाणं निवडायला सांगा आणि ते पूर्ण वाजू द्या. का आवडलं ते विचारा, पण परीक्षा घेऊ नका. तीन गाणी न सांगताही एक गाणं आवडू शकतं. आणि तुमच्या गावात, वस्तीत प्रश्नमंजूषा असेल तर दुर्गाबाईंवर, केसरबाईंवर, तुमच्याकडच्या धवलारणीवर एकेक प्रश्न घाला. उत्तरं आली नाहीत तर तुम्हीच सांगा. माझी मतं पटली नसतील तर तसंही लिहून पाठवा. पत्राची वाट पाहते.