निळ्या चौकटीतली चोरी

नागपुरात मॉल, बँक, मोठे खासगी रुग्णालय अशा ठिकाणी आता पार्किंगमध्ये एखादी निळी चौकट दिसते. त्यात व्हीलचेअरचे चित्र असते. कायद्याच्या धाकाने का होईना, ती आखली गेली आहे. पण त्या चौकटीत उभी कुणाची गाडी असते? बहुतेक वेळा धडधाकट माणसाची चारचाकी. हटकले तर उत्तरे ठरलेली असतात. "दोन मिनिटांत निघतो." "रिकामीच तर होती." "तुम्ही कोण विचारणारे?"

मित्रांनो, याला आपण बेशिस्त म्हणून सोडून देतो. आमचे म्हणणे आहे, ही चोरी आहे. आणि ही चोरी आंबेडकरी चळवळीचा विषय आहे.

आधी ती चौकट समजून घेऊ. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी जागा किमान ३.६ मीटर रुंद असावी आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी. का? कारण गाडीचे दार पूर्ण उघडून, शेजारी व्हीलचेअर लावून, माणसाला त्यात सरकून बसायला तेवढी रुंदी लागतेच. दोन गाड्यांच्या फटीत हे होत नाही. धडधाकट माणसाला जागा मिळाली नाही तर तो दोनशे पावले चालतो. व्हीलचेअरवरच्या माणसाची चौकट गेली तर तो गाडीतून उतरूच शकत नाही. त्याची डॉक्टरची वेळ जाते, कोर्टाची तारीख जाते, परीक्षा जाते.

काहीजण म्हणतील, अपंगांकडे गाड्या असतात तरी किती? प्रश्न बरोबर आहे, पण त्याचे उत्तर त्यांना वाटते ते नाही. आपल्या वस्त्यांतली अपंग माणसे साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर येतात, हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर येतात, रिक्षातून येतात. त्यांनाही दाराजवळ थांबायला जागा लागते. त्या जागेवर चकचकीत एसयूव्ही उभी राहते, तेव्हा कुणाचे कुणी घेतले हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि ही माणसे कुठल्या समाजाची आहेत? २०११ च्या जनगणनेनुसार देशात अपंग व्यक्तींचे प्रमाण २.२१ टक्के आहे. अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के आहे. एकट्या महाराष्ट्रात अपंगांची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. कुपोषण, वेळेवर न मिळालेले उपचार, जिवावर बेतणारी कामे यांचा भार कुणाच्या अंगावर पडतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जात फक्त मनावर जखम करत नाही, ती शरीरावरही करते. म्हणून अपंगांचा प्रश्न आपल्यासाठी बाहेरचा नाही. तो आपल्या घरातला आहे.

आता परवान्याकडे वळू. ब्रिटनमध्ये १९७१ पासून अपंगांसाठी पार्किंगचा बॅज आहे. आधी तो नारिंगी होता, २००० पासून निळा झाला. तो गाडीला नाही, माणसाच्या नावाने मिळतो. ती व्यक्ती सोबत नसताना कुणी तो वापरला तर हजार पौंडांपर्यंत दंड होतो. आपल्याकडे काय आहे? व्हीलचेअरचे स्टिकर. ते कुणीही विकत घेतो आणि काचेला चिकटवतो. हक्क कुणाचा हे ठरवणारा खरा कागद म्हणजे अपंगत्वाचा दाखला. आणि जिथे चौकट चोरीला जाते, तिथे दाखला तरी सुरक्षित कसा राहील?

पूजा खेडकर प्रकरण आठवा. २०२४ च्या जुलै महिन्यात पुण्यातल्या या प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्यांची चर्चा सुरू झाली ती गाडीवरूनच. खासगी ऑडीवर दिवा लावला होता. मग कागद उघडले. अपंगत्वाचे दाखले आणि नॉन-क्रीमी लेयर या दोन्हींबद्दल प्रश्न उभे राहिले. ३१ जुलै २०२४ रोजी यूपीएससीने त्यांची निवड रद्द केली. नाव बदलून मुभेपेक्षा जास्त वेळा परीक्षा दिल्याचा ठपका आयोगाने ठेवला. सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवेतून मुक्त केले. त्यांनी आरोप नाकारले आहेत, आणि गुन्हा सिद्ध झाला की नाही हे न्यायालय ठरवेल. पण एक गोष्ट आपल्या घरातली आहे, ती झाकायची नाही. त्यांचे वडील २०२४ ची लोकसभा निवडणूक अहमदनगरमधून वंचित बहुजन आघाडीच्या तिकिटावर लढले होते आणि प्रतिज्ञापत्रात सुमारे ४० कोटींची मालमत्ता दाखवली होती. वंचितांच्या नावाने उमेदवारी देताना कुणाला देतो, हा प्रश्न चळवळीने स्वतःला विचारायलाच हवा.

त्यानंतर जे घडले ते जास्त घातक होते. त्याच महिन्यात तेलंगणातल्या एका वरिष्ठ आयएएस अधिकाऱ्यांनी जाहीरपणे विचारले की प्रशासकीय सेवेत अपंगांना आरक्षण हवेच कशाला. म्हणजे लबाडीचा आरोप एकीवर, आणि हक्क काढून घ्या सगळ्यांचा! ही चाल आपल्या ओळखीची आहे. एखाद्याने खोटा जातीचा दाखला काढला की आरक्षणच बंद करा, अशी ओरड होते. खोटा दाखला काढणाऱ्याचे नुकसान कुणाचे होते? ज्याचा खरा आहे त्याचे. तरी शिक्षाही त्यालाच द्यायची, हा यांचा न्याय.

महाराष्ट्राने हा अनुभव भरपूर घेतला आहे. आदिवासींच्या जागा खोट्या दाखल्यांवर गेल्या. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की असा दाखला रद्द झाला की त्यावर मिळवलेली नोकरीही जाते. मग २०१९ मध्ये राज्य सरकारने काय केले? अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर सामावून घेतले. चोर पकडला गेला, तरी पगार चालूच राहिला. अपंगांच्या बाबतीत हीच पुनरावृत्ती होऊ द्यायची नसेल तर आताच बोलले पाहिजे.

कायदा नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. कलम ९१ सांगते की अपंगांसाठीचा लाभ जो फसवणुकीने घेतो किंवा घ्यायचा प्रयत्न करतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दाखल्यावर सही करणारा डॉक्टर, तो पुढे सरकवणारा बाबू यांची चौकशी शेवटपर्यंत जाते का? पैसेवाला दाखला विकत घेतो, कारण कुणीतरी तो विकतो.

आणि हीच व्यवस्था खऱ्या अपंगाशी कशी वागते? त्याचे उदाहरण नागपूरनेच पाहिले. प्रा. जी. एन. साईबाबा यांचे अपंगत्व ९० टक्के होते. पोलिओमुळे ते व्हीलचेअरवर होते. त्यांना नागपूर मध्यवर्ती कारागृहाच्या अंडा सेलमध्ये ठेवले गेले. वैद्यकीय कारणासाठी मागितलेला जामीन नाकारला गेला. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते गेले. ज्याचे अपंगत्व डोळ्यांसमोर होते त्याच्यापुढे यंत्रणा दगड झाली. ज्याच्याकडे ओळख आणि पैसा असतो, त्याच्या कागदापुढे तीच यंत्रणा मेण होते.

मात्र एक धोका ओळखा. गैरवापर रोखायच्या नावाखाली प्रत्येक अपंगाकडे संशयाने बघायचे, हे आपल्याला चालणार नाही. कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व आहे. सिकलसेल त्यात आहे, आणि विदर्भात हा आजार किती घरांत आहे हे आपण जाणतो. सिकलसेलचा रुग्ण चालताना दिसतो म्हणून तो खोटा ठरत नाही. म्हणून रस्त्यावर कुणाचे पाय तपासू नका. जाब विचारायचा तो दाखला देणाऱ्या, जागा न राखणाऱ्या आणि दंड न करणाऱ्या यंत्रणेला.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे न्यायालयाने सांगितले आणि सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. बाबासाहेबांच्या संविधानाचा हाच अर्थ आहे. हक्क कुणाच्या दयेवर सोडायचा नसतो.

मग करायचे काय? आपल्या भागातली रुग्णालये, न्यायालये, महाविद्यालये, कार्यालये यांच्याकडे माहिती अधिकारात विचारा: अपंगांसाठी किती जागा राखल्या, किती जणांना दंड केला? चौकटीत चुकीची गाडी दिसली तर फोटो काढून वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार करा. महापालिकेकडे मागणी लावून धरा की राखीव जागा दुचाकी-तीनचाकीलाही हवी आणि परवाना माणसाच्या नावाने हवा.

आणि सुरुवात आपल्या दारापासून करा. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर हजारो लोकांनी भूमिगत पार्किंगचे काम बंद पाडले. सरकारला स्थगिती द्यावी लागली. जनता ठरवते तेव्हा काय होते ते नागपूरने पाहिले. आता तिथे पुढे जो आराखडा येईल, त्यात पहिला प्रश्न हा असू द्या: धम्मचक्र प्रवर्तन दिनी आजूबाजूचे रस्ते वाहनांसाठी बंद असताना व्हीलचेअरवरचा बौद्ध बांधव स्तूपापर्यंत कसा पोहोचणार? आपल्या विहारांना रॅम्प आहे का? सभेच्या मंचावर अपंग कार्यकर्ता स्वतःहून चढू शकतो का?

समता फक्त भाषणात मागायची नसते, तिला जागा करून द्यावी लागते. ती जागा ३.६ मीटरची आहे. तिच्यावर कुणी बसले असेल तर त्याला उठवायचे काम आपले आहे.

जय भीम! जय संविधान!