बोनस कामगाराचा, हंगाम लुटारूंचा



दसरा-दिवाळी जवळ आली की भिलाईच्या खुर्सीपारमध्ये दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. बोनस किती मिळणार, आणि मोबाइलवरचा 'महासेल' कधी लागणार? जो बोनस पदरात पाडून घेण्यासाठी गेटमीटिंगा, निदर्शने, प्रसंगी संप करावा लागतो, तो खात्यातून जायला दोन मिनिटे पुरतात. याच भिलाईत १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्टेशनवर न्याय्य वेतन मागणाऱ्या कामगारांनी गोळ्या झेलल्या. इथला पैसा असा मिळालेला आहे, हे आधी ध्यानात घ्या.

लूट कशी होते? कंत्राटी कामगार पाळीवर असतो. घरी बायकोला फोन येतो, "ताई, तुमचे पार्सल अडकले आहे, पत्ता पक्का करायला पाच रुपये भरा." लिंक उघडली की खाते साफ. दुसरा प्रकार परताव्याचा : "पैसे परत येतील, फक्त पिन टाका." पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो, एवढी एक गोष्ट घराघरात सांगितली तरी पुष्कळ बोनस वाचेल. खोटी दुकाने आहेतच. त्यातून कंपनीचा तक्रार क्रमांक इंटरनेटवर शोधावा, तर तिथेही भामट्यानेच आपला नंबर पेरून ठेवलेला!

मग बँकेत गेले की ठरलेले उत्तर : "ओटीपी तुम्हीच दिलात." सरकारी जाहिरातही तेच सांगते, सावध राहा. जणू चूक लुटल्या गेलेल्याचीच!

आमचा सवाल असा की, ही घाई कामगाराला शिकवली कोणी? "फक्त दोन नग शिल्लक", "दहा मिनिटांत ऑफर संपणार" असे घड्याळ पडद्यावर लावणाऱ्या बड्या कंपन्यांनीच ना? ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केंद्र सरकारनेच अशी खोटी घाई अनुचित ठरवली आहे. म्हणजे विचार न करता बोट दाबायची सवय लावायची कंपनीने, तिचे पीक कापायचे भामट्याने, आणि दोष कामगाराचा! हा न्याय आम्हाला मान्य नाही.

अर्थात, स्वतःच्या वस्तीकडेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. महादेव सट्टा ॲपच्या प्रकरणात भिलाईचे नाव देशभर गाजले आणि बेनामी बँक खात्यांचा आरोप ईडीने केला. लुटीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो. चार पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड, सिम दुसऱ्याच्या हाती देणारी बेकार पोरे आपलीच असतात, आणि पोलिसांच्या हाती पहिली तीच लागतात. बड्या धेंडांचे काय होते ते सांगायला नको.

पैसे गेलेच तर लाज बाळगून गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० ला फोन लावा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतो. बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले की, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. माल खोटा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे दुर्गच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते. कंपनीचे ऑफिस बंगळुरूला असले म्हणून काय झाले?

पण बँक उघडी असते तेव्हा कामगार पाळीवर असतो. तक्रारीला जायचे तर रोजी बुडते. हक्क कागदावर आणि माणूस भट्टीपुढे! म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. फसवणुकीची तक्रार नोंदवायला कंत्राटी कामगारालाही भरपगारी सुटी मिळाली पाहिजे. कामगार वस्तीतल्या प्रत्येक बँक शाखेने सणाच्या महिन्यात संध्याकाळी तक्रार खिडकी उघडी ठेवून मराठीत, हिंदीत लिहिलेला अर्ज घेतला पाहिजे. आणि युनियनने स्वतः बोनस वाटपाच्या दिवसापासून भाऊबीजेपर्यंत ऑफिसात रोज संध्याकाळी दोन कार्यकर्ते बसवावेत. अर्ज लिहून देणारा एक, आणि बँकेत सोबत जाणारा एक.