'खरं नाव' नेमकं कशासाठी हवंय?

ओपन सोर्सवाले एक वाक्य फार अभिमानानं ऐकवतात: इथे तुमचा कोड बोलतो, तुम्ही कोण हे कुणी विचारत नाही. मग त्यातल्या कितीतरी प्रकल्पांच्या नियमावलीत 'खरं नाव लिहा, टोपणनाव चालणार नाही' ही ओळ काय करतेय?

या ओळीला वजन आलं ते लिनक्स कर्नलमुळे. २००३ मध्ये एससीओ कंपनीनं आयबीएमवर दावा ठोकला, की आमचा कोड लिनक्समध्ये घुसवलाय. त्यानंतर २००४ मध्ये कर्नलनं प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ मागायला सुरुवात केली. तिच्यात नाव आणि ईमेल. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, एवढीच ती हमी. हेतू रास्तच होता. पण 'खरं नाव' म्हणताना डोळ्यांसमोर जॉन स्मिथ होता. स्मिथ म्हणजेही लोहारच, पण आज तिकडे त्याला कुणी भाता फुंकायला बसवत नाही.

आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे आडनाव, आणि आडनाव म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गायकवाड असाल तर पुढचा प्रश्न ठरलेला: कुठले गायकवाड? तमिळनाडूत १९२९च्या चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेनं जातीची आडनावं टाकून द्यायचा ठराव केला. आज तिथली कितीतरी माणसं आडनावाशिवाय जगतात आणि ऑनलाइन फॉर्मवर 'आडनाव भरा' या लाल अक्षरांपाशी अडतात. त्यांचं नाव खोटं आहे का?

नावानं फरक पडतो हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदलली फक्त नावं. २००७ मध्ये त्यांनी आकडे मांडले: उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढचं बोलावणं येण्याचे ऑड्स दलित नावाला ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३. कोडचंही तेच. गिटहबवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात बायकांचे बदल एकूणात पुरुषांपेक्षा जास्त स्वीकारले गेले होते. पण प्रकल्पाबाहेरच्या ज्या बाईचं बाईपण प्रोफाइलवरून कळत होतं, तिचा दर खाली आला होता. आता तपासणारा आपल्याच देशातला असेल तर आडनाव वाचायला त्याला किती सेकंद लागतील?

माझ्या ओळखीतल्या एका मुलानं, घरातला तो पहिला पदवीधर, एका प्रकल्पातलं मराठी भाषांतर सुधारून पाठवलं. खाली फक्त पहिलं नाव. उत्तर आलं, पूर्ण नाव लिहा. त्यानं लिहिलं नाही. चुकीचं भाषांतर अजून तसंच आहे. ज्याला ओळखीनं नोकरी मिळत नाही त्याच्या बायोडेटात असलं काम हाच आधार असतो, म्हणून ही बाब क्षुल्लक नाही.

शिवाय ते नाव पुसता येत नाही. गिटमध्ये लेखकाचं नाव कमिटच्या हॅशमध्येच गुंफलेलं असतं. मागचं नाव बदललं तर पुढचे सगळे हॅश बदलतात, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. धर्मांतरानंतर नाव बदललेला माणूस असो की ट्रान्स व्यक्ती, जुनं नाव इतिहासात कायम.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे एक्सझेड. २०२४ मध्ये उघड झालं, की 'जिया टॅन' नावाच्या कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून त्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा ठेवला होता. बघा, म्हणून खरं नाव हवं! अहो, 'जिया टॅन' हे नाव खऱ्यासारखंच तर होतं. ओळखपत्र कुणी बघतच नाही. खोटं बोलायला निघालेला माणूस छानसं नाव लिहून आत जातो, बाहेर राहतो तो खोटं न बोलणारा.

आणि आपल्यातलेच काही विचारतात, जात लपवायची कशाला? मी स्वतः पूर्ण नावानं लिहिते, ताठ मानेनं लिहिते. पण ते कुठे उच्चारायचं हे मी ठरवणार, प्रकल्पाची नियमावली नाही.

२०२३ मध्ये खुद्द कर्नलनं ती ओळ बदलली. 'खरं नाव' गेलं, 'ओळखीची ओळख' अशा अर्थाचे शब्द आले. निनावी आजही चालत नाही. पण लोक ज्या नावानं तुम्हाला ओळखतात ते नाव चालतं. जबाबदारी घ्यायला तेवढं पुरतं, हे ज्यांनी नियम गाजवला त्यांनीच मान्य केलं. इथले प्रकल्प चालवणाऱ्यांनो, वीस वर्षांपूर्वीची ओळ कॉपी केलीत, तशी नवीही करा. एका ओळीचा बदल आहे, तपासायला मिनिटही लागणार नाही.

आणि पहिला बदल पाठवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पाठवण्याआधी गिटच्या सेटिंगमध्ये कुठलं नाव भरलंय ते बघून घ्या. कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा हजेरीपटावरचंच नाव घातलेलं असतं.