मिरीचा वास

मुलाकडे बेळ्ळंदूरला पंधरा दिवस राहून आले. आठव्या मजल्यावरून तळं दिसतं आणि वारा फिरला की त्याचा वासही घरात येतो. २०१७ च्या फेब्रुवारीत हेच तळं पेटलं होतं, आठवत असेल. शनिवारी संध्याकाळी सुनेने खिडक्या लावून घेतल्या आणि जेवणाच्या टेबलावर लाल वाइनची बाटली आणून ठेवली.

मी ताटं मांडता मांडता थांबले. माझ्या थोरल्या दिरांचा संसार बाटलीपायी गेला. एकाच वाड्यात राहून मी तो जाताना पाहिला आहे. सुनेला हे ठाऊक होतं. ती म्हणाली, "आई, पिऊ नका हवं तर. नुसता वास घेऊन सांगा. तुमचं नाक आमच्यापेक्षा तयार आहे."

बाटली इथलीच, नंदी टेकडीजवळच्या ग्रोव्हरच्या मळ्यातली. 'काबर्ने' आणि 'शिराज' या द्राक्षांची. शिराज म्हणजे इराणमधलं शहर, असं चिरंजीवांनी ठोकून दिलं. पण जनुकीय तपासणीत हे द्राक्ष अस्सल फ्रेंच ठरलंय, असं सूनबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं!

पेला गोल फिरवून नाकाशी नेला. आधी पिकलेलं जांभूळ. मग ओळखीचं काहीतरी... मसाल्याचा डबा उघडल्यावर येते ती काळी मिरी! दोघं बघतच राहिली. मिरीला वास देणारं द्रव्यच शिराजमध्ये असतं, असं ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिलं म्हणे. आम्हाला ते फोडणीने शिकवलं होतं.

एक घोट घेतला, खोटं कशाला सांगू? जीभ आखडली, कोरा चहा फार उकळल्यावर आखडते तशी. मुलगा 'टॅनिन, टॅनिन' करत होता. मी म्हटलं, अरे, याला तुरट म्हणतात. काळ्या मसाल्याच्या भरल्या वांग्याबरोबर तो तुरटपणा मऊ झाला. ठेच्याबरोबर मात्र तोंडात नुसती आग. आणि बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. 'खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा.

द्राक्षाचाच तर रस, हृदयाला चांगला, असं मात्र कुणी मला सांगू नये. तेरा-चौदा टक्के मद्यार्क असतो त्यात. मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. सुनेला मी हे तोंडावर सांगितलं. ती "हो आई" म्हणाली आणि तिने स्वतःचा पेला भरला. मी गप्प बसले, पण लक्ष पेल्यांवरच होतं.

दोघांचा एकेक पेला झाला. सुनेने बूच लावून बाटली फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी उभी केली. सकाळी दूध काढायला गेले तेव्हाही ती अर्धी भरलेली होती. दिरांच्या खोलीत अर्धी उरलेली बाटली मी कधी पाहिली नव्हती.