वस्तीचा आवाज आणि वाचणाऱ्याचा आवाज

श्राव्य पुस्तकाविषयी मराठीत जी काही चर्चा होते ती बहुधा दोन पक्षांत विभागली जाते. पहिल्या पक्षाच्या मते कादंबरी ऐकणे हे वाचन नव्हेच. डोळा आणि अक्षर ह्यांच्या एकांतातून जो अर्थ निष्पन्न होतो त्याची जागा कान घेऊ शकत नाही. दुसरा पक्ष ह्याच घटनेचे स्वागत मौखिक परंपरेचे पुनरागमन म्हणून करतो. २०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडिश सेवा भारतात आली व तिने मराठीलाही स्थान दिले, तेव्हापासून ह्या स्वागताला विशेषच जोर आला. कीर्तन, पोवाडा, गोंधळ, जलसा अशी थोर श्रवणपरंपरा असलेल्या भाषेला मुद्रणाने जखडून ठेवले होते आणि आता तंत्रज्ञानाने तिला पुन्हा कंठ दिला, असा ह्या पक्षाचा युक्तिवाद असतो.

हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसत असले तरी एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे: संहिता तीच राहते आणि केवळ माध्यम बदलते, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. हे गृहीतक किती भ्रामक आहे, हे शहरी दारिद्र्यात वाढण्याची कथा सांगणाऱ्या कादंबरीच्या बाबतीत सर्वाधिक स्पष्ट होते. अशा कादंबरीत वाढणे म्हणजे केवळ वय वाढणे नसते. कोणत्या ठिकाणी कसे बोलावे, कोणता शब्द शाळेत गिळावा आणि कोणता नाक्यावर थुंकावा, हे शिकणे म्हणजेच तेथील वाढणे होय. भाषा हे तेथे आशयाचे वाहन नसून आशयच असते. म्हणून ती कोणाच्या तोंडून ऐकू येते हा प्रश्न गौण ठरवता येत नाही.

मराठीतील ह्या प्रकारच्या लेखनाकडे पाहिले तर निवेदकाच्या स्थानाची केवढी विविधता आढळते! जयवंत दळवींच्या 'चक्र' (१९६३) मध्ये झोपडपट्टीत वाढणाऱ्या बेन्वाचे जग बाहेरून आलेल्या, पण सहानुभूतीने पाहणाऱ्या दृष्टीतून उभे राहते. भाऊ पाध्ये ह्यांच्या 'वासूनाका' (१९६५) मध्ये पोक्या स्वतःच बोलतो. त्याच्या बोलण्याने तत्कालीन अभिरुचीला एवढा धक्का बसला की कादंबरीवर अश्लीलतेच्या आरोपाचे वादळ उठले. मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९) पुन्हा वेगळ्या अंतरावरून वस्ती न्याहाळते. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) हे स्वकथन असले तरी त्याची मांडणी कादंबरीच्या समीक्षकाला आव्हान देणारी आहे. आणि नाशिकजवळच्या विहितगावात १९३० साली, म्हणजे काळाराम मंदिर सत्याग्रहाच्याच वर्षी, जन्मलेले बाबुराव बागूल बालपणीच मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात गेले. त्या कॅम्पाच्या अनुभवातून 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) आणि 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) ह्या संग्रहांतील गद्य सिद्ध झाले. ते वस्तीची बोली आणि प्रबोधनाची संस्कृतप्रचुर भाषा ह्यांना एकाच वाक्यात झुंजवते. दळवींचे अंतर, पाध्यांची सलगी आणि बागुलांची झुंज ह्या तीन भिन्न साहित्यिक भूमिका आहेत. ह्या तिन्ही संहिता एकाच प्रशिक्षित, सुस्पष्ट, सुसंस्कृत कंठातून बाहेर पडू लागल्या तर ह्या भूमिकांतील भेद उरतो काय?

हा प्रश्न कोणाला भावनिक वाटेल, म्हणून तो लिपीच्या पातळीवर मांडणे इष्ट होय. मराठी मुद्रणव्यवहाराने लेखी आणि बोली रूपांतील भेद दाखवण्यासाठी एक अत्यंत साधे साधन विकसित केले आहे. निवेदक 'होते', 'गेले', 'सांगितले' असे लिहितो आणि पात्र 'होतं', 'गेलं', 'सांगितलं' असे बोलते. एका अनुस्वाराने दोन सामाजिक स्थाने वेगळी होतात. दया पवारांनी शीर्षकातच 'बलुते' न लिहिता 'बलुतं' लिहिले, ह्यात संपूर्ण निवेदनाची भूमिका घोषित झाली आहे. आता ध्वनिमुद्रण करणाऱ्या वाचकासमोर पर्याय कोणते असतात? 'होते' हे लेखी रूप तसेच उच्चारावे तर प्रवाही कथनात ते पुस्तकी आणि ताठर वाटते. ते सहजतेसाठी 'होतं' असे वळवावे तर निवेदक आणि पात्र ह्यांच्यामधली सीमारेषाच पुसली जाते. कोणताही पर्याय स्वीकारला तरी तो अर्थनिर्णयच होय. आणि हा निर्णय ऐकणाऱ्याला निर्णय म्हणून ऐकू येत नाही, कादंबरीच तशी आहे असे त्याला वाटते.

'ण' आणि 'न' ह्यांच्या बाबतीत तर प्रश्न थेट जातिव्यवस्थेपाशी पोहोचतो. 'पाणी' म्हणणारा आणि 'पानी' म्हणणारा ह्यांच्यातील भेदावर मराठी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उपहासाचा उद्योग केला आहे. वस्तीत वाढलेला निवेदक मोठेपणी प्रमाण लेखनात 'पाणी' असे लिहितो, तेव्हा त्या अक्षरामागे त्याने बालपणी उच्चारलेला 'न' दडलेला असतो. छापील पृष्ठ ह्या दोन्ही शक्यता मुकेपणाने सांभाळते. ध्वनिमुद्रणाला मात्र मुके राहता येत नाही. तेथे मूर्धन्य 'ण' निःसंशय उमटतो आणि निवेदकाच्या भूतकाळाचा एक थर गळून पडतो. ह्याउलट पात्रांच्या संवादांत बोली आली की वाचणारा ती अधिक ठसठशीत करतो, कारण त्याला पात्रांचे वेगळेपण श्रोत्याच्या कानावर घालायचे असते. परिणामतः निवेदन शुद्ध आणि संवाद 'गावंढळ' अशी उतरंड निर्माण होते. ही उतरंड मूळ लेखकाने ज्या व्यवस्थेविरुद्ध लेखणी उचलली तिचीच प्रतिकृती असते.

वाढण्याच्या कथेत आणखी एक ताण असतो. अनुभवणारे मूल आणि सांगणारा प्रौढ ह्यांच्यात काळाचे अंतर असते. कित्येक वाक्ये नेमकी कोणाची हे ठरवता येत नाही आणि त्या अनिश्चिततेतच कलाकृतीचे सामर्थ्य असते. 'बलुतं'मध्ये तर हे अंतर रचनेचा पायाच झाले आहे: दगडू मारुती पवार आपली कहाणी शिकल्या-सवरलेल्या दया पवारांना सांगतो, म्हणजे सांगणारा आणि ऐकणारा एकच व्यक्ती असूनही एक नाहीत. ध्वनिमुद्रणात ह्या दोघांना दोन आवाज दिले तर ते दोन निरनिराळे इसम होतात, आणि एकच आवाज दिला तर दुभंगच नाहीसा होतो. बाख्तिनने कादंबरीच्या ज्या बहुस्वरतेचा विचार केला ती एका शब्दात दोन स्वर एकाच वेळी नांदण्याची स्थिती होय. एका कंठाला ते साधणे अशक्य नाही. पण त्यासाठी वाचणाऱ्याने आधी समीक्षक असले पाहिजे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळण्याजोगा नाही. मूकवाचन करणाऱ्याच्या मनातही एक आवाज असतोच. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयातील सुखवस्तू विद्यार्थी 'वासूनाका' वाचतो तेव्हा तो पोक्याला आपल्याच उच्चारांत ऐकतो. मग ध्वनिमुद्रणाने वेगळे काय बिघडवले? आक्षेप योग्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र अयोग्य आहे. मनातला आवाजही निरागस नसतो हे खरे. पण तो वाचकाचा स्वतःचा असतो, अडखळतो, मागे वळतो, अनोळखी शब्दापाशी थबकतो. ते थबकणे हीच वाचकाला आपल्या वर्गाच्या मर्यादेची झालेली पहिली जाणीव होय. ध्वनिमुद्रण अडखळत नाही. श्रोत्याच्या वतीने अडचण आधीच सोडवलेली असते. ज्या अनुभवाने वाचकाला अस्वस्थ करावे तो अनुभव मऊ, सुबक, हवा तर दीडपट गतीने पुढे जाणारा होतो. मूकवाचनाचे उदात्तीकरण येथे अभिप्रेत नाही. अडखळण्याची संधी कोण देतो आणि कोण काढून घेतो, एवढाच मुद्दा आहे.

आता मौखिक परंपरेच्या पुनरागमनाचा दावा तपासू. वॉल्टर ऑंग ह्यांनी १९८२ मध्येच मूळ मौखिकता आणि लेखनावर आधारलेली दुय्यम मौखिकता ह्यांत भेद केला होता. आपल्या उत्साही समीक्षकांना तो ठाऊक नसेल असे नाही, तो सोयीने विसरला जातो. नाशिक जिल्ह्याला तरी हे विस्मरण शोभत नाही. ह्या जिल्ह्यातील भीमराव कर्डकांच्या जलशाने १९३० च्या दशकात आंबेडकरी विचार वस्त्यावस्त्यांत नेला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक २००४ मध्ये निधन होईपर्यंत गावोगावच्या, शहरोशहरींच्या श्रमिक श्रोत्यांपुढे गात राहिले. त्या श्रवणाची लक्षणे कोणती होती? गाणारा आणि ऐकणारे एकाच दुःखाचे वारसदार होते; श्रोता हुंकार देई, थांबवी, प्रश्न विचारी; आणि ऐकणे संपल्यावर माणसे एकत्र उठून काही करण्यास निघत. श्राव्य कादंबरीचा श्रोता एकटा असतो, त्याच्या कानांत बोंडे असतात, तो स्वयंपाक करीत असतो किंवा मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी चालवीत असतो. त्याच्या हुंकाराला वाचणारा उत्तर देऊ शकत नाही. ह्या श्रवणाला जलशाचा वारस म्हणणे म्हणजे जलशाचे राजकारण वगळून केवळ त्याचा ध्वनी उचलणे होय.

खरा पूर्वज शोधायचाच तर तो कथाकथनाच्या व्यासपीठावर सापडेल. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार ह्यांच्या कथाकथनाने ग्रामीण कथेला अफाट श्रोता मिळवून दिला, ह्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच व्यासपीठावरून ग्रामीण बोली आणि हशा ह्यांचे समीकरण शहरी श्रोत्याच्या मनात दृढ होत गेले, हेही तितकेच खरे. तेथे निदान लेखक स्वतः उभा असे आणि ती बोली त्याच्या अनुभवातली असे. श्राव्य कादंबरीत वस्तीच्या बोलीचे काय होऊ शकते, ह्याचा इशारा ह्या इतिहासात आहे: तेव्हा विनोद विकला गेला, आता करुणा विकली जाईल. पार्श्वसंगीताच्या एका आर्त सुराने दारिद्र्य हे अन्यायाचे फलित न राहता मनःस्थिती बनते, आणि मनःस्थितीला कोणी जबाबदार नसतो.

ह्याचा अर्थ पहिल्या, म्हणजे अक्षरनिष्ठ पक्षाचे म्हणणे ग्राह्य आहे असा मुळीच नाही. तो पक्ष तर अधिक निष्ठुर आहे. ज्याला दिसत नाही, ज्याला अक्षरओळख झाली नाही, ज्याचे डोळे सातपूर-अंबडच्या कारखान्यातील पाळीनंतर पुस्तकावर टिकत नाहीत, अशांना तो साहित्याच्या दाराबाहेरच ठेवतो. आणि शुद्धतेच्या नावाने कोणाला दाराबाहेर ठेवणे काय असते हे नाशिकला सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या वस्तीविषयी कादंबरी लिहिली गेली त्या वस्तीपर्यंत ती ध्वनीच्या मार्गाने पोहोचू शकते, ही शक्यता मुद्रणाने इतक्या सहजपणे कधीच दिली नव्हती. म्हणूनच ही शक्यता मासिक वर्गणी भरणाऱ्याच्या करमणुकीत विरून जाऊ देणे हा अपराध ठरतो.

तेव्हा समीक्षेचे कर्तव्य स्पष्ट आहे. श्राव्य कादंबरी ही मूळ संहितेची छाया नसून तिचे भाष्य आहे, असे मानून तिचे परीक्षण झाले पाहिजे. अनुवादाची चिकित्सा करताना अनुवादकाच्या निवडी तपासल्या जातात. तशाच वाचणाऱ्याच्या निवडी तपासल्या जाव्यात: कोणते 'होते' 'होतं' झाले, कोणत्या शिव्या गिळल्या गेल्या, कोणाला कोणता उच्चार बहाल झाला. संहितेत केलेले फेरफार ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभीच जाहीर करण्याचा दंडक प्रकाशकांवर घातला पाहिजे. वस्तीत वाढलेल्या, तिच्या बोलीचे स्वराघात अंगात मुरलेल्या वाचकांना हे काम मिळाले पाहिजे, आणि तेही संवादांपुरते नव्हे, निवेदनासाठी. कारण प्रश्न निवेदनाच्या अधिकाराचाच आहे. १९८९ पासून नाशिकमध्ये दूरशिक्षणाचे कार्य करणारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १८४० पासूनचा वारसा सांगणारे सार्वजनिक वाचनालय ह्यांसारख्या संस्थांनी सामूहिक श्रवणाचे प्रयोग केले, ऐकून झाल्यावर बोलण्यास वेळ ठेवला, तर जलशाशी नाते सांगण्याचा काही अधिकार ह्या माध्यमाला प्राप्त होईल.

बागुलांचे २००८ मध्ये नाशिकमध्ये निधन झाले. त्यांची कथा उद्या कोणाच्या तोंडून ऐकू येईल हा प्रश्न तांत्रिक समजून तंत्रज्ञांवर सोपवणारी समीक्षा दलित साहित्याच्या अर्धशतकाहून अधिक काळाच्या वादातून काहीच शिकलेली नाही, असे म्हणावे लागेल. त्या वादाचा मध्यवर्ती प्रश्न 'कोण बोलतो' हाच होता. श्राव्य पुस्तकाने तो नव्याने, आणि ह्या वेळी अक्षरशः, विचारला आहे.