दारूचे शिंग: मुलांच्या हातून होऊ द्या



चौथीच्या वर्गात 'दारूगोळा' हा शब्द आला की मुलं हसतात. त्यांना माहीत असलेली दारू वेगळी! बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांची पूड, असं सांगितलं की हसू थांबतं आणि प्रश्न सुरू होतात. "बाई, मग ती ठेवायचे कशात?" या एका प्रश्नावर अख्खा पाठ उभा राहू शकतो. माझं स्पष्ट मत आहे की याचं उत्तर फळ्यावर लिहून देऊ नये. मुलांकडून ते करून घ्यावं.

आधी गोष्ट समजून घेऊ. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून मोजून दारू ओततात, मग गोळी टाकतात आणि गजाने ठासतात. दर बाराला हे सगळं पुन्हा करायचं. म्हणजे दारू कमरेशी हवी, कोरडी हवी आणि ठिणगीपासून लांब हवी. त्यासाठी बारूददान असे. ते लाकडाचं, चामड्याचं, धातूचं आणि शिंगाचंही करत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेतीच्या राखणीसाठी परवाना घेतलेल्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचं गाव तिकडेच आहे. गावच्या आजोबांना विचारायला सांगा, पुस्तकात नसलेली माहिती मिळेल.

आता शिंगच का? गाई-म्हशीचं शिंग आतून हाडाचं आणि वरून आपल्या नखांसारख्या पदार्थाचं असतं. भिजवून किंवा उकळून आतलं हाड काढलं की पोकळ नळा मिळतो. तो हलका असतो, पाणी सहजी आत घेत नाही आणि आपटला तरी ठिणगी पडत नाही. रुंद बाजूला लाकडी बूड बसवायचं, टोक कापून भोक पाडायचं, त्याला खुंटी लावायची आणि खांद्याला अडकवायला पट्टा बांधायचा. कारागीर शिंग इतकं पातळ तासत की उजेडात धरल्यावर आत किती दारू उरली ते दिसे. सांबराचं शिंग मात्र यासाठी चालत नाही. ते भरीव हाड असतं आणि दरवर्षी गळून पडतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याची खरेदी-विक्री करता येत नाही. पाहा, एका वस्तूत विज्ञान, इतिहास आणि कायदा तिन्ही आले.

वर्गात खरं शिंग नकोच. जाड पुठ्ठ्याचा शंकू करा. एका बाजूने चार-पाच चिरा देऊन तो वाकवा. वर खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा. वाळल्यावर पुठ्ठ्याचं बूड लावा आणि तोंडाला बूच बसवा. दारूच्या जागी मीठ भरा. अर्ध्या मुलांनी शिंगाला बाहेरून मेण लावायचं, अर्ध्यांनी तसंच ठेवायचं. एका उघड्या वाटीतही मीठ ठेवा. हे जुलैत करा. ठाणे-कल्याणचा पाऊस बाकीचं शिकवतो. आठ दिवसांनी कुठलं मीठ ओलं झालं ते मुलं हाताने तपासतात आणि कारण स्वतः शोधतात. मग चमच्याने मोजायचं, एका शिंगात किती 'बार' मावतात? झालं गणित.

अठराव्या शतकात अमेरिकेतले सैनिक आपल्या शिंगावर नाव, किल्ले आणि नद्यांचे नकाशे कोरत. आपल्या मुलांनी स्केचपेनने आपली खाडी काढावी. कल्याणचा दुर्गाडी, घोडबंदर आणि वसई हे तिन्ही किल्ले उल्हास नदीच्या एकाच खाडीकाठी आहेत, हे नकाशा काढताना कळतं. १६५७ मध्ये शिवरायांनी कल्याण घेतलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला जिंकला, तिथे आज कारागृह आहे. १७३९ मध्ये वसई पडली, तेव्हा तटाखाली दारूचे सुरुंग लावले होते. सनावळ्या पाठ करण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

काही पालक म्हणतील, शाळेत बंदुकीचा विषय कशाला? पण तोफा आणि लढाया इतिहासात आहेतच. शिंग ही तर जपून ठेवण्याची वस्तू आहे. दारू कशी बनवायची हे आपण शिकवत नाही, ती का सांभाळावी लागते हे शिकवतो. फटाक्यांच्या दिवसांत तेही कामाला येतं.

खरी अडचण वेगळी आहे. "प्रकल्प आणा" म्हटलं की स्टेशनजवळच्या दुकानात तयार मॉडेल मिळतं. नाहीतर रात्री अकरा वाजता आई-बाबा थर्माकोल कापत बसतात. वस्तू देखणी होते, पण "हे भोक इथेच का?" असं विचारलं की मूल गप्प. पालकहो, लोकलमधून उभ्याने घरी येऊन तुम्ही हे मायेपोटी करता, हे मला कळतं. पण त्या मायेत मुलाच्या हातचं काम जातं. वाकडं झालेलं शिंग पुन्हा कसं वाकवायचं, हा विचार ज्याने केला त्यालाच तो येतो.

म्हणून शिक्षकांनो, हे काम घरी देऊ नका. कार्यानुभवाच्या चार तासिका द्या. २०१० पासून आपल्याकडे आकारिक मूल्यमापन आहे, त्यात कृती आणि प्रकल्पाला जागा आहे. ती नोंद वस्तूच्या देखणेपणावर करू नका. मुलाला वस्तू हातात धरून बोलू द्या आणि त्यावर करा. पालकांनी फक्त जुनी वर्तमानपत्रं, मूठभर मीठ आणि थोडा धीर पाठवावा.

शिंग वेडंवाकडं होईल, होऊ द्या. त्यातलं मीठ कोरडं राहिलं की ते दाखवायला मूल धावत येईल.